चार हातांचा कार्बन: सेंद्रिय रेणू कागदावर कसे मांडायचे

प्रयोगशाळेतल्या कपाटात, अगदी मागे, एक तपकिरी बाटली सापडली होती. चिठ्ठीवरचं नाव ओघळून गेलेलं. खाली निळ्या शाईत एवढंच शिल्लक: सी८एच१०. माझ्या नोकरीला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. सूत्र आहे म्हणजे ओळख पटली, असं समजून मी नोंदवही उघडली. शेजारी उभ्या असलेल्या वरिष्ठ बाईंनी विचारलं, "चौघांपैकी कोण लिहिणार?"

बेंझीनचं कडं, म्हणजे सहा कार्बनची बंद साखळी, असलेले आणि सी८एच१० हेच सूत्र असलेले रेणू चार आहेत: ऑर्थो-झायलीन, मेटा-झायलीन, पॅरा-झायलीन आणि इथाइलबेंझीन. चौघंही पाण्यासारखे स्वच्छ दिसतात. उकळतातही जवळजवळ एकाच तापमानाला, १३६ ते १४४ अंश सेल्सिअसच्या दरम्यान. बाईंनी त्यातलं थोडं छोट्या कुपीत घेतलं, बूच घट्ट लावलं आणि कुपी रसायनांच्या फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर कुपीत पांढरा खडा झालेला. पॅरा-झायलीन १३ अंशांनाच गोठतं. ऑर्थो गोठायला उणे २५ लागतात, मेटाला उणे ४८, इथाइलबेंझीनला उणे ९५. फ्रिजच्या थंडीत गोठणारं एकच. चिठ्ठीवरचं सूत्र बरोबरच होतं. आम्हाला हवं होतं तेवढं मात्र त्यात लिहिलेलं नव्हतं.

सेंद्रिय रसायनाची सूत्रं शिकवताना मी हीच गोष्ट आधी सांगते. एकाच रेणूला लिहायच्या पाच-सहा पद्धती आहेत. प्रत्येक पद्धत काही सांगते आणि काही गाळते. काय गाळलंय हे ज्याला कळलं, त्याला सूत्र वाचता आलं.

बडोद्यात हे शिकणं चैन नाही. कोयलीची रिफायनरी, फर्टिलायझरनगर, नंदेसरीची वसाहत, औषधांचे कारखाने: प्रत्येक दुसऱ्या घरातलं कोणीतरी या ना त्या टाकीशी, पंपाशी, बाटलीशी काम करतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी अकरावीची मुलं येतात, आणि कधीकधी प्लँटमध्ये नुकती लागलेली मुलंही. त्यांना ज्या क्रमानं शिकवते त्याच क्रमानं इथे लिहिते आहे. शिसपेन्सिल, खोडरबर आणि कोरे कागद घेऊन बसा. रेघांची वही नको, तिच्या रेघा आपल्या रेघांत मिसळतात.

सुरुवातीआधी: दोन शब्दांचा घोळ

महाराष्ट्रातल्या मुलांना न येणारी एक अडचण आपल्याकडच्या मराठी मुलांना येते. मराठीत अणू म्हणजे कार्बनचा, हायड्रोजनचा सुटा कण, आणि असे अणू जोडून झालेला तो रेणू. गुजरातीत सुट्या कणाला परमाणु म्हणतात, आणि जोडून झालेल्याला अणु. म्हणजे शब्द तोच, अर्थ एक पायरी सरकलेला. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचे आजोबा तिला घरी सांगायचे, "पाण्याच्या एका रेणूत तीन अणू." शाळेतल्या बेन सांगायच्या, "पाण्याचा एक अणु." तिनं वहीत लिहून ठेवलं होतं: पाण्याच्या एका अणूत तीन अणू. बिचारी महिनाभर तेच पाठ करत होती. तिची चूक काहीच नव्हती.

तेव्हा या लेखात अणू म्हणजे सुटा, रेणू म्हणजे जोडलेला. शाळेतलं 'अणुसूत्र' ते आपलं 'रेणुसूत्र'. समघटक हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच आहे. रेणुसूत्र सारखं आणि जोडणी वेगळी अशा रेणूंना समघटक म्हणायचं.

आणखी एक. सूत्रं आपण मोठ्यानं वाचतो तशीच मी इथे लिहिली आहेत: सी म्हणजे कार्बन, एच हायड्रोजन, ओ ऑक्सिजन, एन नायट्रोजन. वहीत लिहिताना रोमन अक्षरं वापरा आणि आकडा अक्षराच्या उजवीकडे, खाली, बारीक काढा. रोमन अक्षरांत लहान-मोठ्याचं भान ठेवा. मोठी सी आणि मोठा ओ म्हणजे कार्बनला जोडलेला ऑक्सिजन. मोठी सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू.

पहिली पायरी: हात मोजायला शिका

पुस्तकात याला संयुजा म्हणतात, मी हात म्हणते. कार्बनला चार हात, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजनला एक. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांनाही एकच. एका हातानं एक रेघ धरली जाते. दुहेरी बंध म्हणजे दोघांचेही दोन-दोन हात गुंतले, तिहेरी म्हणजे तीन-तीन.

एकही हात मोकळा राहता कामा नये आणि एकही जास्तीचा उगवता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्यांवर तपासणी हीच. नायट्रो गट, कार्बन मोनॉक्साइड, विद्युतभार असलेले आयन अशी काही मंडळी या हिशोबात सरळ बसत नाहीत, पण पहिले दोन महिने ती तुमची वाट अडवायला येत नाहीत.

दुसरी पायरी: रेणुसूत्र

रेणूत कोणते अणू किती, एवढंच रेणुसूत्र सांगतं. लिहायचा क्रम ठरलेला आहे: आधी कार्बन, मग हायड्रोजन, मग बाकीचे रोमन वर्णानुक्रमानं. एडविन हिल यांनी १९०० साली ही रीत मांडली आणि आजही पदार्थांच्या याद्या तशाच लावतात. त्यामुळे इथेनॉलचं रेणुसूत्र सी२एच६ओ.

याच्याही आधीचं एक सूत्र असतं, फक्त सर्वांत साधं गुणोत्तर दाखवणारं. पदार्थ जाळायचा, निघालेलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड तोलायचे, त्यावरून अणूंचं प्रमाण काढायचं. जर्मनीत लीबिग यांनी १८३१ मध्ये ही मोजणी चांगली बसवली. पण प्रमाण किती थोडं सांगतं पाहा: ग्लुकोज सी६एच१२ओ६, व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल सी२एच४ओ२ आणि फॉर्मॅल्डिहाइड सीएच२ओ. तिघांचं साधं गुणोत्तर एकच, सीएच२ओ. एक गोड, एक आंबट, एक विषारी.

रेणुसूत्र हातात आलं की चित्र काढायला धावू नका. आधी एक छोटा हिशोब करा. कार्बनच्या संख्येची दुप्पट करून त्यात दोन मिळवा. एवढे हायड्रोजन जास्तीत जास्त मावतात. नायट्रोजन असेल तर प्रत्येकी एक वाढवा, क्लोरीन-ब्रोमीन असतील तर त्यांना हायड्रोजनमध्येच धरा, ऑक्सिजनकडे पाहूच नका. आता प्रत्यक्षात हायड्रोजन किती कमी पडतात ते काढा आणि निम्मं करा. आलेल्या आकड्याइतकी कडी किंवा दुहेरी बंध रेणूत असलेच पाहिजेत. तिहेरी बंध दोनदा मोजायचा.

बाटलीवरचं सी८एच१० घ्या. आठ दुणे सोळा, अधिक दोन, अठरा. आहेत दहा. आठ कमी, निम्मे चार. बेंझीनच्या कड्यात तीन दुहेरी बंध आणि स्वतः कडं एक, झाले चार. नुसत्या रेणुसूत्रावरून बेंझीनच्या कड्याचा अंदाज बांधता येतो तो असा. माझ्या मते अकरावीच्या पुस्तकातला हा सर्वांत उपयोगी हिशोब आहे, आणि मुलं नेमका तोच सोडून देतात.

तिसरी पायरी: पूर्ण रचनासूत्र

कोण कोणाला जोडलंय हे दाखवायचं असेल तर प्रत्येक अणू आणि प्रत्येक रेघ काढायची. अणूंमध्ये रेघा ओढून जोडणी दाखवायची कल्पना १८५८ च्या सुमाराची. स्कॉटलंडचे कूपर यांनी तेव्हा आपल्या निबंधात अशी चित्रं छापली, आणि त्याच वर्षी केकुले यांनी कार्बन-कार्बनच्या साखळ्यांची कल्पना मांडली. त्याआधी लोकांना समघटक माहीत होते, पण दाखवायचे कसे हे नव्हतं.

सी२एच६ओ हे घेऊन बसू. क्रम असा ठेवा:

१. हायड्रोजन बाजूला ठेवा. उरतात दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन. 
२. या तिघांना एका ओळीत किती तऱ्हांनी लावता येतं? सी–सी–ओ, किंवा सी–ओ–सी. ओ–सी–सी म्हणजे पहिलाच, उलट बाजूनं वाचलेला. 
३. आता मोकळे हात मोजा. पहिल्या मांडणीत कडेच्या कार्बनचे तीन हात रिकामे, मधल्या कार्बनचे दोन, ऑक्सिजनचा एक. सहा हायड्रोजन बरोबर बसले. 
४. दुसऱ्या मांडणीत दोन्ही कार्बनचे तीन-तीन, ऑक्सिजनचे दोन्ही हात भरलेले. इथेही सहाच.

दोन्ही चित्रं बरोबर, आणि दोन्ही पदार्थ खरे. पहिलं इथेनॉल, ७८ अंशांना उकळणारा द्रव. दुसरं डायमिथाइल ईथर, उणे २४ अंशांनाच उकळणारं, म्हणजे खोलीत नुसता वायू. टिंक्चर आणि मद्यार्कापासून सुरुवात करून १९०७ मध्ये आपल्या शहरात औषधांची अलेंबिक कंपनी उभी राहिली, गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांच्या हातून. त्यांच्या पिंपातला मद्यार्क तो हा पहिला. ओ शेवटी ठेवायचा की मध्ये, एवढ्यावरून द्रवाचा वायू होतो.

युरियाची गोष्टही इथलीच. अमोनियम सायनेट आणि युरिया, दोघांच्याही सूत्रात एक कार्बन, चार हायड्रोजन, दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन. व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेट करायला घेतलं आणि हाती युरिया आला. फर्टिलायझरनगरमधून गोण्या भरून जातो तोच हा पदार्थ. त्याची रचना काढून पाहा: मध्ये कार्बन, एका बाजूला दुहेरी बंधानं ऑक्सिजन, उरलेल्या दोन हातांवर दोन एनएच२. कार्बनचे चार हात भरले, नायट्रोजनचे तीन-तीन भरले.

आता नेहमीची चूक जवळून पाहू. फांदी असलेलं ब्युटेन, म्हणजे आयसोब्युटेन, काढायला सांगितलं की दहातली चार मुलं असं काढतात: एका ओळीत सीएच३, सीएच२, सीएच३, आणि मधल्या सीएच२ ला वरून चौथा सीएच३ चिकटवतात. मधल्या कार्बनवर बोट ठेवून मोजा. डावीकडे एक, उजवीकडे एक, वर एक, आणि दोन हायड्रोजनचे दोन. पाच! फांदी लावली की त्या जागेचा एक हायड्रोजन जायलाच हवा, तिथे सीएच राहतो. मी मुलांना पेन्सिलीचं टोक प्रत्येक कार्बनवर टेकवून तोंडानं "एक, दोन, तीन, चार" म्हणायला लावते. पंधरा दिवस म्हटलं की मग डोळेच मोजतात.

दुसरी चूक उलट प्रकारची. साखळी कागदावर वाकवली की नवा रेणू झाला असं वाटतं. चार कार्बन सरळ ओळीत काढा, किंवा शेवटचा खाली वळवा, जोडणी बदललेली नाही, रेणू तोच. खात्री करायची असेल तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्तीत जास्त लांब वाट शोधा, तिच्यावर किती कार्बन येतात ते मोजा, आणि फांद्या कितव्या कार्बनवर आहेत ते लिहा. दोन चित्रांची उत्तरं सारखी आली तर रेणू एकच. या कसोटीवर सी५एच१२ चे समघटक तीनच निघतात, सी६एच१४ चे पाच. सी१०एच२२ चे ७५ आहेत, ते काढत बसू नका.

चौथी पायरी: संक्षिप्त सूत्र

प्रत्येक हायड्रोजनची रेघ काढणं लवकरच जिवावर येतं. मग हायड्रोजन आपापल्या कार्बनच्या शेजारी लिहून टाकायचे: सीएच३सीएच२ओएच. नियम एवढाच की अणू ज्याला जोडलेला त्याच्या लगेच पुढे लिहायचा. फांदी कंसात टाकायची, आणि तीच तुकडी पुन्हा पुन्हा येत असेल तर कंसाबाहेर आकडा. सहा कार्बनचं हेक्झेन होतं सीएच३(सीएच२)४सीएच३. सॅनिटायझरमध्ये येतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल (सीएच३)२सीएचओएच.

इथे अडखळायच्या जागा मोजक्या आहेत, पण हमखास. सीएच३सीओसीएच३ म्हणजे ॲसिटोन. त्यातला ओ दोन कार्बनच्या मध्ये बसलेला नाही. तो मधल्या कार्बनवर दुहेरी बंधानं टांगलेला आहे. मध्ये बसवलात तर मधल्या कार्बनचे दोनच हात भरतात, म्हणजे हात मोजले की चूक लगेच सापडते. सीएचओ या तुकडीत हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघंही कार्बनलाच जोडलेले असतात, ती अल्डिहाइडची खूण. सीओएच असं उलट लिहिलंत तर वाचणारा अल्कोहोल समजेल. आणि सीओओएच म्हणजे आम्ल: एक ऑक्सिजन दुहेरी बंधानं, दुसरा एकेरी, आणि त्या दुसऱ्यावर हायड्रोजन.

संक्षिप्त सूत्र घाईत वाचायची सवय लावून घेऊ नका. सीएच३ओएच आणि सीएच३सीएच२ओएच यांत एका सीएच२ चा फरक. पहिलं मेथेनॉल. ते पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीव जातो. २०२२ मध्ये बोटाद भागात विषारी दारूनं माणसं गेली ती याच मेथेनॉलमुळे. हायवेवर टँकरच्या मागे केशरी पट्टीवर १२३० हा आकडा दिसतो तो मेथेनॉलचा, इथेनॉलचा ११७०. प्लँटमध्ये नवीन लागलेल्या मुलांना मी हे दोन आकडे सूत्रांसकट पाठ करायला लावते.

पाचवी पायरी: रेघांचं सूत्र

खरी भाषा ही. औषधाच्या माहितीपत्रकात, शोधनिबंधात, कंपनीच्या फायलीत जी नागमोडी चित्रं दिसतात ती ही. इंग्रजी पुस्तकांत याला स्केलेटल फॉर्म्युला म्हणतात, म्हणजे रेणूचा नुसता सांगाडा. इथे घाई करू नका, एक आठवडा द्या.

आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके येतात, मग रेघा. इथे रेघा तेवढ्या काढायच्या, ठिपका समजून घ्यायचा. जिथे रेघ वळते तिथे कार्बन, जिथे रेघ संपते तिथेही कार्बन. कार्बनवरचे हायड्रोजन लिहायचेच नाहीत. वाचणारा चारातून रेघा वजा करून ते मनात भरतो. कार्बन सोडून बाकीचे अणू, म्हणजे ओ, एन, क्लोरीन वगैरे, अक्षरानं लिहायचे, आणि त्यांच्या अंगावरचे हायड्रोजनही लिहायचे.

ब्युटेन म्हणजे तीन रेघांची नागमोड: दोन टोकं, दोन वळणं, चार कार्बन. टोकाच्या कार्बनवर एक रेघ, म्हणून तीन हायड्रोजन. वळणावर दोन रेघा, म्हणून दोन. आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे उलटा व्ही, आणि त्याच्या टोकावरून वर जाणारी एक रेघ, तिच्या शेवटी ओएच. ॲसिटोनमध्ये तीच रेघ दुहेरी, आणि शेवटी नुसता ओ. षटकोन काढलात तर सायक्लोहेक्झेन. त्यात एक आड एक दुहेरी रेघ घातलीत तर बेंझीन. केकुले यांनी बेंझीनचं कडं १८६५ मध्ये मांडलं. प्रत्यक्षात त्यातले सहाही कार्बन-कार्बन बंध सारख्याच लांबीचे आहेत, सुमारे १३९ पिकोमीटर. म्हणून काही जण आत गोल काढतात. दोन्ही चालतं. मी दुहेरी रेघाच काढायला सांगते, कारण हात मोजता येतात.

आता घरातलीच एक गोष्ट घ्या: पॅरासिटामॉलची गोळी. तिचं रेघांचं सूत्र असं काढा. मध्ये बेंझीनचं कडं. डाव्या टोकाला ओएच. त्याच्या बरोबर समोरच्या, उजव्या टोकावरून एक रेघ, तिच्यावर एनएच. एनएच पासून पुढे एक रेघ, वळण. वळणावरून वर दुहेरी रेघेनं ओ. वळणापासून खाली तिरकी आणखी एक रेघ, तिच्या शेवटी काहीच नाही.

ते "काहीच नाही" म्हणजेच सीएच३. मुलं नेमकी तीच रेघ गाळतात, कारण तिच्या टोकाला काही लिहिलेलं दिसत नाही.

मोजा. कड्यात सहा कार्बन, वळणावर सातवा, रेघेच्या टोकाला आठवा. हायड्रोजन: कड्याच्या दोन कोपऱ्यांवर बाहेरून काही ना काही लागलंय, उरलेल्या चार कोपऱ्यांवर एकेक, म्हणजे चार. ओएचचा एक, एनएचचा एक, शेवटच्या सीएच३ चे तीन. नऊ. एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. सी८एच९एनओ२. दुसऱ्या पायरीवरचा हिशोबही करून पाहा: सोळा अधिक दोन अधिक एक, एकोणीस. त्यातून नऊ गेले, दहा, निम्मे पाच. कड्याचे चार आणि कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध एक. जुळलं. हे असं जुळतं तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी शिकवते.

दोन सूचना. रेघांच्या चित्रात मध्येच एखाद्या कोपऱ्यावर सी लिहू नका. लिहिलात तर त्याचे हायड्रोजनही लिहावे लागतात. आणि तिहेरी बंध आला की तिथे नागमोड थांबवा. तिहेरी बंधाचे दोन्ही कार्बन आणि त्यांचे शेजारी सरळ एका रेघेत असतात.

सहावी पायरी: कागदाबाहेर येणारा रेणू

इथपर्यंतची सगळी चित्रं सपाट. रेणू सपाट नसतो. मेथेनचे चार हायड्रोजन कागदावर अधिकाच्या चिन्हासारखे दिसतात, पण खरोखर ते चार दिशांना पसरलेले असतात, कोणत्याही दोघांत १०९.५ अंशांचा कोन ठेवून. हे १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं.

रात्री भिजवलेले काबुली चणे घ्या आणि दात कोरायच्या काड्या. एका चण्यात चार काड्या अशा खोचा की कोणत्याही तीन काड्या टेबलावर टेकवल्या तरी चौथी सरळ वर उभी राहील. हा तुमचा कार्बन. टोकांना चार वेगळ्या गोष्टी लावा: वाटाणा, शेंगदाणा, मनुका, मक्याचा दाणा. आता दुसरा चणा घेऊन पहिल्याचं आरशातलं प्रतिबिंब बांधा. दोन्ही हातांत धरून कसेही फिरवा, एकावर एक बसणार नाहीत. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसंच.

कागदावर हे दाखवायला भरीव पाचर म्हणजे आपल्याकडे येणारा बंध, तुटक रेघांची पाचर म्हणजे कागदाच्या मागे जाणारा बंध, आणि साधी रेघ म्हणजे कागदातच असलेला. पाचरेचं निमुळतं टोक कार्बनकडे ठेवायचं. एका कार्बनवर दोन साध्या रेघा शेजारीशेजारी, आणि पाचरा त्यांच्या विरुद्ध बाजूला, असं काढलं की चित्र डोळ्याला उभं राहतं.

एवढा खटाटोप कशाला, असं एकानं मला विचारलं. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. एका हातात पुदिन्याची पानं चुरडून दिली, दुसऱ्या हातात बाळंतशोपा. स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्याचा वास कार्व्होन नावाच्या ज्या रेणूचा, त्याच कार्व्होनचं आरशातलं रूप बाळंतशोपांत असतं. दोघांचं रेणुसूत्र सी१०एच१४ओ. संक्षिप्त सूत्र एकच. पाचरा न काढलेलं रेघांचं चित्रही एकच. फरक दाखवते ती एकटी पाचर, आणि तो फरक आपलं नाक ओळखतं.

फिशर आणि न्यूमन यांच्या पद्धती याच कामाच्या. फिशर यांची १८९१ ची, साखरेच्या लांब रेणूंसाठी: आडव्या रेघा आपल्याकडे, उभ्या मागे. न्यूमन यांची एका बंधाच्या टोकावरून आरपार पाहिल्यासारखी. पाचर पक्की झाल्याशिवाय यांच्याकडे जाऊ नका.

कुठे काय लिहायचं

वजनाचा, मोलचा हिशोब असेल तर रेणुसूत्र पुरतं. बाटलीवर, पिंपावर, नोंदवहीत रेणुसूत्राच्या भरवशावर कधीही राहू नका. तिथे पूर्ण नाव आणि जोडणी दाखवणारं सूत्र हवं. माझ्या त्या तपकिरी बाटलीवर सीएच३–सी६एच४–सीएच३ एवढंच असतं तरी इथाइलबेंझीन बाद झालं असतं, आणि पुढे 'पॅरा' (म्हणजे दोन्ही सीएच३ कड्यावर समोरासमोर) हा एक शब्द असता तर कुपी फ्रिजमध्ये ठेवावीच लागली नसती. उत्तरपत्रिकेत नवीन रेणू समजावताना पूर्ण रचनासूत्र, ओळीत लिहायचं तर संक्षिप्त, अभिक्रिया दाखवायची तर रेघांचं, औषध किंवा सुगंध असेल तर पाचरांसकट.

संगणकावर एका ओळीत टंकता येणारी स्माइल्स नावाची पद्धतही आता सगळीकडे आहे. तिच्यात हायड्रोजन गाळतात आणि अणू ओळीनं लिहितात: इथेनॉल म्हणजे सीसीओ, डायमिथाइल ईथर म्हणजे सीओसी. पबकेम या रसायनांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर अशी ओळ टाकली की चित्र समोर येतं. पण आधी हातानं काढा, मग ताडून पाहा. उलट क्रमानं केलं तर हात कधीच शिकत नाही.

पहिल्या आठवड्याचा अभ्यास

सी४एच१०ओ घ्या. दुसऱ्या पायरीचा हिशोब केलात तर शून्य येईल, म्हणजे कडंही नाही आणि दुहेरी बंधही नाही. जोडणीनं वेगळे असे सात रेणू निघतात: ओएच असलेले चार, आणि ऑक्सिजन मध्ये असलेले तीन. आधी चार कार्बनचे दोन सांगाडे काढा, सरळ आणि फांदीचा, आणि प्रत्येकावर ओएच लावता येईल अशा वेगळ्या जागा शोधा. मग ऑक्सिजन मध्ये घालून कार्बनची वाटणी करा: दोन-दोन, एक-तीन, आणि एक-तीन फांदीचा. सातही आधी पूर्ण रचनेत, मग संक्षिप्त, मग रेघांत लिहा. प्रत्येक कार्बनवर पेन्सिल टेकवा.

सात झाले की त्यांपैकी एकाच्या एका कार्बनवर चार वेगवेगळे गट आहेत, तो शोधा. सापडला की चणे भिजत घाला.